पडदा अडकला: मल्टिमीटर की टेस्ट लॅम्प?

फ्यूज बघून झाला, बॅटरी काढल्यावर करायचं ते रीसेटही झालं, तरी गाडीच्या सनरूफखालचा, मोटरने सरकणारा पडदा अर्ध्यावरच. इथवर आलेल्यांसाठीच हे लिहितोय. आता वायरिंगला हात घालायचा तर डिजिटल मल्टिमीटर घ्यावा की साधा बल्बवाला टेस्ट लॅम्प? घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मागच्या सीटवर उताणा पडून दोन रविवार मी दोन्ही वापरून पाहिले.

मीटरचा मोह पडतो तो आकड्यामुळे. कंट्रोल युनिटचा, म्हणजे मोटरला हुकूम देणाऱ्या डब्याचा, कपलर (तारांचा प्लग) काढून मीटरचे प्रोब लावले, १२.४ व्होल्ट आले. सप्लाय ठणठणीत आहे असं धरून चाललो आणि फसलो. अशा मीटरचा रोध साधारण १० मेगाओहम असतो, म्हणजे तो करंट जवळजवळ ओढतच नाही. तार एका केसावर तगून असली किंवा जोडावर गंज चढलेला असला, तरी आकडा भरघोस दिसतो. भार पडला की तोच सप्लाय मान टाकतो. टेस्ट लॅम्प म्हणून मी तारा जोडून घेतलेला ब्रेक लाइटचा २१ वॅटचा बल्ब मात्र पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो. माझ्याकडे त्याच कपलरवर तो विझत्या निखाऱ्यासारखा लालसर दिसला. बल्बचं एक टोक कपलरच्या अर्थवरून (करंट परत बॉडीकडे नेणाऱ्या तारेवरून) काढून बॉडीच्या उघड्या बोल्टला लावलं, तर लख्ख! म्हणजे सप्लाय ठीक, अर्थ कच्चा.

पण हा बल्ब लावायची बुद्धी झाली दुसऱ्या रविवारी, आणि तीही एका क्षुल्लक कटकटीला वैतागून.

स्विच दाबला की कंट्रोल मोटरला करंट देतो. मोटर फिरत नाहीये असं सेन्सरवरून कळलं की लगेच तोडतो. माझ्या गाडीत हा सगळा मामला फार तर अर्ध्या सेकंदाचा. मोजायची पट्टी आपणच निवडणारा ऑटो-रेंजवाला मीटर तेवढ्यात स्वतःचीच रेंज शोधत बसतो: ०.३, मग सात पॉइंट काहीतरी, की परत शून्य. एका हातात मोटरच्या दोन तारांवर टेकवलेले दोन प्रोब, दुसऱ्या हाताचं बोट स्विचवर, मीटर पोटावर. मान वाकडी करून आकडा वाचेपर्यंत तो पसार. कधी वाटे कंट्रोल गेला, कधी मोटर. शेवटी मुलाला आकडे वाचायला बसवलं. तो म्हणाला, "बाबा, दर वेळी वेगळाच येतोय." त्या घोळात मी नव्या मोटरची चौकशीसुद्धा करून आलो होतो.

मग मोटरच्या त्याच दोन तारांवर ५ वॅटचा छोटा बल्ब जोडला. स्विच दाबला की लुकलुक. चष्मा न लावता, डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. कंट्रोल हुकूम देत होता. मोटरला बॅटरीवरून, मध्ये फ्यूज टाकून, थेट करंट दिला तर तीही फिरली. उरला सप्लाय, आणि तिथे मोठ्या बल्बने वर सांगितलेला निकाल दिला.

मीटरवर अन्याय नको. मॅन्युअल रेंज लावली तर तो सुधारतो, आणि मिन-मॅक्सची (सर्वात कमी-जास्त आकडा धरून ठेवायची) सोय असलेला मीटर असेल तर माझी निम्मी तक्रार गळून पडेल. बल्ब पेटता ठेवून कपलरचा अर्थ आणि बॉडी यांच्यामध्ये मीटर लावला, तेव्हा तीन व्होल्टच्या वर आले. एरवी तिथे ०.१-०.२ च्या वर काही दिसू नये. रोग किती खोल आहे हे बल्ब सांगू शकत नाही. शिवाय डेटाच्या, म्हणजे नुसते सिग्नल नेणाऱ्या, तारेला बल्ब चुकूनही लावू नका, त्याने ओढलेल्या करंटने युनिट जाऊ शकतं. तिथे मीटरच. छताच्या कडेने पडदा-एअरबॅग जाते, तिच्या पिवळ्या कपलरजवळ मात्र दोन्ही नकोत.

काही गाड्यांत मोटर आणि कंट्रोल एकाच डब्यात असतात. तिथे मोटरच्या तारा हातीच लागत नाहीत, त्यामुळे ५ वॅटवाला प्रयोग बाद. सप्लाय आणि अर्थ मात्र तपासता येतात. एलईडीचा पेनासारखा टेस्टर टेस्ट लॅम्प म्हणून विकतात, पण तो नगण्य करंट ओढतो, म्हणजे मीटरचाच रोग.

माझ्याकडचा दोष पिलरच्या, म्हणजे छत पेलणाऱ्या खांबाच्या, आत निघाला. सनरूफच्या निचऱ्याची नळी गुलमोहराच्या बारीक पानांनी तुंबलेली, पावसाचं पाणी अस्तराआडून उतरून अर्थच्या स्क्रूवर. स्क्रू घासला, वायशर बदलला, पडदा सरसर सरकला. नळी मोकळी करायला जास्त वेळ गेला.

ज्याला आकड्यांची सवय आहे त्याने मीटर घ्यावा, वाया जाणार नाही. माझा आता घरात रिमोटचे सेल तपासतो, आणि बल्ब गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये असतो. तुम्ही बनवलात तर २१ वॅटवाला अस्तराला टेकवू नका, चटकन तापतो. आणि तार लांब घ्या. माझी पहिली दीड मीटरची होती. मागच्या सीटवरून दाराच्या बिजागरीच्या बोल्टपर्यंत जेमतेम पोचायची, आणि कुणी दार उघडलं की चिमटा सुटायचा.