चॅट्सवर्थ हाऊसला ४१ जण घेऊन गेलो, आईवडील सोबत असतील तर हे आधी वाचा

जूनच्या दुसऱ्या शनिवारी लेस्टरहून आमचा ग्रुप डर्बीशायरमधलं चॅट्सवर्थ हाऊस आणि तिथली बाग बघून आला, त्याबद्दल सविस्तर लिहिते कारण जायच्या आधी मी मराठीत शोधत होते तर काहीच सापडलं नाही. एकूण ४१ जण, त्यात ११ मुलं आणि ९ जण सत्तरीच्या पुढचे, म्हणजे भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले सगळ्यांचे आईवडील आणि सासूसासरे. सगळं प्लॅनिंग माझ्याकडे होतं. आमचे आप्पा पण होते, जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याचे, आयुष्यभर केळी केलेली, आणि ते का महत्त्वाचं आहे ते पुढे येईलच.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. हे नॅशनल ट्रस्टचं, म्हणजे इथल्या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेचं, ठिकाण नाहीये. आमच्यातल्या तीन घरांकडे ट्रस्टची मेंबरशिप होती आणि त्यांना वाटलं आपलं फुकटात होईल, तर तसं होत नाही. घर डेव्हनशायरच्या ड्यूकच्या घराण्याचं, म्हणजे कॅव्हेंडिश घराण्याचं, १५४९ पासून त्यांच्याकडे आहे आणि १९८१ पासून एक वेगळा चॅरिटेबल ट्रस्ट ते सांभाळतो. त्यामुळे तिकीट प्रत्येकाचं काढावंच लागतं. ग्रुपचं बुकिंग वेगळं असतं ते आधी ईमेल करून करा, गेटवर जाऊन ४१ तिकिटं मागू नका. घर आणि बाग असं एकत्र तिकीट मिळतं, नुसत्या बागेचंही मिळतं, आणि मुलांसाठी जे फार्मयार्ड आहे त्याचं वेगळं. जानेवारी ते साधारण मार्चच्या मध्यापर्यंत घर बंद असतं हेही लक्षात ठेवा, कारण पुष्कळ जण आईवडिलांना हिवाळ्यात बोलवतात आणि मग विचारतात कुठे नेऊ.

जायला लेस्टरहून एम वन मोटरवे पकडायचा, जंक्शन २९ ला उतरून चेस्टरफील्डवरून बॅस्लो, तिथून दहा मिनिटं. वाटेत टिबशेल्फ सर्व्हिसेसला टॉयलेटसाठी थांबलो, ४१ जणांना तिथे चाळीस मिनिटं गेली, तुम्ही पण तेवढी धराच. कोचच्या बाबतीत मात्र आम्हाला मनस्ताप झाला. ज्या कंपनीकडून कोच घेतला त्यांना मी दोनदा फोन करून सांगितलं होतं की वयस्कर लोक आहेत, खाली झुकणारी पायरी असलेली गाडी पाहिजे, ते हो हो म्हणाले आणि शनिवारी सकाळी उंच पायऱ्यांची जुनी गाडी पाठवली. एका काकूंचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत, त्या पहिल्या पायरीशी उभ्या राहून दांडा धरून नुसत्या बघत होत्या, पदर कमरेला खोचलेला, आणि मागे सगळी रांग थांबलेली. शेवटी एकाच्या घरून प्लास्टिकचं स्टूल आणलं, दोघांनी दोन्हीकडून धरलं आणि त्या चढल्या. दिवसभर ते स्टूल आमच्याबरोबर फिरलं. मला त्या काकूंचा चेहरा बघून फार वाईट वाटलं, कारण कोणाला आपलं वय असं रांगेसमोर दाखवायला आवडत नाही. म्हणून कोच बुक करताना तोंडी ऐकू नका, ईमेलमध्ये लिहून घ्या आणि गाडीचा फोटो मागा.

आता घर. घरासाठी आम्हाला ११ चा स्लॉट होता. आत शिरल्यावर पेंटेड हॉल लागतो, छतावर आणि भिंतींवर ज्यूलियस सीझरच्या आयुष्यातले प्रसंग रंगवलेत, लुई लगेर नावाच्या चित्रकाराने १६९० च्या दशकात. माना वर करून सगळे उभे. पण मुलांना आणि आज्यांना जे आवडलं ते वेगळंच, एका दाराच्या मागे दुसऱ्या दारावर व्हायोलिन टांगलेलं दिसतं आणि ते खरं नाहीच, नुसतं रंगवलेलं आहे, खुंटी सुद्धा रंगवलेली. दोन आज्या चष्मा काढून, परत लावून बघत होत्या. आणि शिल्पांच्या दालनाच्या भागात राफाएले मॉंटीची ती तोंडावर पदर घेतलेली बाई, आख्खी संगमरवरी, आणि पदराच्या आतून नाक डोळे दिसतात, दगडातून कसे दिसतात हे मला अजून कळलेलं नाही, तिथे पाच मिनिटं तरी थांबा. बाकी खोल्या खूप आहेत, एकापाठोपाठ एक, सोनेरी पलंग आणि टेपेस्ट्री, आणि तासाभराने म्हाताऱ्या माणसांचे पाय बोलायला लागतात. लिफ्ट आहे, व्हीलचेअर पण मिळते पण आधी सांगून ठेवा. माझं स्पष्ट मत, घराला सव्वा तास बस, त्याच्यापुढे ओढू नका, कारण खरी मजा बाहेर आहे आणि सगळे दमून बाहेर आले तर काही उपयोग नाही.

जेवण आम्ही घरूनच नेलं होतं, ठेपले, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही, लोणचं, आणि हिरवळीवर चादरी टाकून बसलो. तबेल्यांच्या जुन्या इमारतीत कॅफे आहे तिथे चहा आणि स्कोन चांगले मिळतात, पण ४१ जणांचं जेवण तिथे करायचं म्हणजे आधी टेबलं सांगावी लागतील आणि आईवडिलांना सँडविचवर दिवस काढायला लावणं मला पटत नाही.

बागेसाठी आम्ही जास्तीचे पैसे भरून गाईड घेतला होता आणि हा सगळ्या दिवसातला सगळ्यात चांगला निर्णय होता, हे मी शंभर वेळा सांगेन. बाग १०५ एकर आहे, चढउतार आहे, खडीचे रस्ते आहेत, आपलं आपण फिरलं तर नुसतं हिरवंगार बघून परत येतो. गाईड बाई साठीच्या होत्या, हळू इंग्रजी बोलत होत्या, मी मध्ये मध्ये मराठीत सांगत होते.

त्यांनी जोसेफ पॅक्स्टनची गोष्ट सांगितली. २२ वर्षांचा पोरगा, शेतकऱ्याच्या घरचा, सहाव्या ड्यूकने त्याला हेड गार्डनर नेमलं. ९ मे १८२६ ला पहाटे साडेचारला हा पोचला, सगळं बंद, तर भिंतीवरून चढून आत आला, सगळी बाग फिरून बघितली, सहाला माणसं कामाला लावली, आणि मग नाश्त्याला गेला तिथे हाउसकीपरची भाची भेटली, तिच्या प्रेमात पडला, आणि हे सगळं सकाळी नऊच्या आत. पुढच्या वर्षी त्यांचं लग्न पण झालं. आज्या जाम खूश. हाच माणूस पुढे लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस बांधणारा. इथेही त्याने २७७ फूट लांबीचं काचघर बांधलं होतं, आठ बॉयलर, कोळसा जमिनीखालच्या बोगद्यातून यायचा. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, झाडं थंडीने मेली आणि १९२० मध्ये ते पाडून टाकलं. आता त्या जागी झुडपांचा भूलभुलैय्या आहे, मुलं तिथे अर्धा तास गुंतून राहतात तेवढ्यात मोठ्यांनी बाकावर टेकून घ्यावं. १८३५ मध्ये पॅक्स्टनने एका माळ्याला थेट भारतात पाठवलं होतं, कलकत्त्याला आणि तिथून खासीच्या डोंगरात, ऑर्किड आणायला, हेही मला तिथेच कळलं.

मग एम्परर कारंजं. १८४४ मध्ये रशियाचा झार येणार म्हणून डोंगरावर आठ एकरांचं तळं खणलं, सहा महिन्यांत, रात्री पण उजेड लावून काम, आणि झार आलाच नाही. पाणी २९६ फुटांपर्यंत उडाल्याची नोंद आहे. कुठेही पंप नाही. आप्पा इतका वेळ गप्प होते, ते पुढे आले आणि मला म्हणाले, "तळं किती वर आहे विचार." ३५० फूट, बाई म्हणाल्या. आप्पांनी मान हलवली, "मग बरोबर. डोक्यावर पाणी असलं की पंप कशाला पाहिजे." ड्रिपच्या टाकीचं प्रेशर कळणाऱ्या माणसाला हे समजवावं लागलं नाही. कॅस्केड म्हणून २४ पायऱ्यांचा जुना पाण्याचा उतार आहे, १६९६ चा, त्यात पाणी चालू आहे का ते जायच्या आधी विचारून घ्या, दुरुस्तीची मोठी कामं निघतात तिथे.

आणि मग केळी. गाईड बाई सहज बोलता बोलता म्हणाल्या की पॅक्स्टनने इथल्या एका काचघरात मॉरिशसवरून आलेलं केळीचं रोप वाढवलं आणि ड्यूकच्या घराण्यावरून त्याला कॅव्हेंडिश नाव दिलं. मी मराठीत सांगायला तोंड उघडलं तर आप्पा आधीच माझ्याकडे बघत होते, कॅव्हेंडिश हा शब्द त्यांना सांगावा लागला नाही. आमच्याकडे आधी बसराई जातीची केळी होती, आता जी नाईन जातीची आहे, दोन्ही कॅव्हेंडिशच. कृषी खात्याच्या माणसाच्या तोंडून, रोपांच्या पाकिटावर, चाळीस वर्षं हा शब्द त्यांनी ऐकलाय, आणि हे एका घराचं आडनाव आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मला पण नव्हतं!

"निसवली केव्हा ते विचार," आप्पा म्हणाले. निसवणं इंग्रजीत कसं सांगायचं म्हणून मी फूल कधी आलं असं विचारलं. नोव्हेंबर १८३५. आणि मे १८३६ पर्यंत शंभराच्या वर केळी लागली होती, लंडनच्या प्रदर्शनात मेडल पण मिळालं. आप्पांनी बोटांवर मोजलं. म्हणाले, "नोव्हेंबर ते मे, सहा महिने झाले. आपल्याकडे शंभर सव्वाशे दिवसांत घड कापतो. पण थंडीत, कोळशाच्या उबेवर, त्याने घड भरवला म्हणजे माणूस शेतकरी होता." मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी आप्पांना विचारलं तुमच्याकडे किती झाडं, आप्पा म्हणाले आठ हजार, आणि त्या बाईंनी हात पुढे करून त्यांच्याशी हात मिळवला आणि उरलेला अर्धा तास त्या आमच्या आप्पांनाच प्रश्न विचारत होत्या, पील, म्हणजे बुंध्याशी फुटणारी नवी रोपं, किती ठेवता, वारा आला तर खोडाला टेकू कशाचा देता, घड झाकता का. आप्पा हाताने दाखवत होते, मी सांगत होते, बाकीचे गोळा होऊन ऐकत होते, ज्या मुलांना आजोबा म्हणजे फक्त सोफ्यावर बसलेले माहीत ती सुद्धा.

एक खुलासा आप्पांनीच केला तो इथे पण लिहिते, नाहीतर चुकीचं फॉरवर्ड फिरेल. आपल्या रानातली केळी या बंगल्यातून आली असं कोणी म्हणू नये, ही जात मुळात चीनकडची, मॉरिशसलाही तिकडूनच गेलेली, इथलं आहे ते नाव. केळीची जुनी ग्रो मिशेल जात १९५० च्या सुमारास पनामा नावाच्या बुरशीच्या रोगाने गेली आणि मग निर्यातीत सगळीकडे कॅव्हेंडिशच आली, हे मात्र खरं.

आईवडिलांना घेऊन जाताना आपण बघण्याच्या जागा शोधतो, पण ज्या ठिकाणी त्यांना काही बोलता येईल ते ठिकाण शोधावं असं मला त्या दिवशी फार मनापासून वाटलं. इथे बाग निवडा, गाईड घ्या, आणि बुकिंग करताना त्यांना सांगा की आमच्यात शेती केलेली माणसं आहेत.

वेळेचं गणित असं, सकाळी आठला निघालो, साडेदहाला पोचलो, घर, जेवण, दोनला गाईड, चारला चहा, पाचला कोच. पिल्सली गावात त्यांचं फार्म शॉप आहे तिथे जायचं राहिलं. छत्र्या न्या, पायात चप्पल नको बूट घाला, गवत ओलं असतं.

परत येताना कोच चेस्टरफील्डच्या पुढे आला तेव्हा मागच्या सीटवर आप्पा सावद्याला धाकट्या काकांना फोन लावून मोठ्याने सांगत होते, "अरे, आपल्या जी नाईनचं आडनाव ज्या घरचं आहे ना, तिथून येतोय मी. डोंगरावर तळं आहे त्यांचं. थांब, सगळं सांगतो."