आधी मायरा पाहावी की इल्सा?

युद्धकाळातले जुने प्रेमपट पाहायचं मनात आलं की दोन नावं हमखास पुढे येतात: १९४० चा 'वॉटर्लू ब्रिज' आणि १९४२ चा 'कॅसाब्लांका'. एकात व्हिव्हियन लीची मायरा, दुसऱ्यात इन्ग्रिड बर्गमनची इल्सा. कथा बहुतेकांना ऐकून माहीत असते, त्यामुळे ती सांगत नाही आणि शेवटही फोडत नाही. एकाच चित्रपटाला वेळ असेल तर कोणता, एवढंच.

पटकथा, संवाद, दुय्यम पात्रं यांत 'कॅसाब्लांका' सरस आहे, हे मान्य. सर्वोत्कृष्ट चित्रपटासह तीन ऑस्कर त्याला मिळाली. इल्सा पियानोवादक सॅमला जुनं गाणं म्हणायला लावते तेव्हा कॅमेरा बर्गमनच्या चेहऱ्यावर नुसता थांबून राहतो, आणि पॅरिसमध्ये काय घडलं असेल ते आपल्याला आधीच कळून जातं.

तरी एका जागी मी दरवेळी अडतो. रात्री रिककडे, म्हणजे हंफ्री बोगार्टनं रंगवलेल्या जुन्या प्रियकराकडे, आलेली इल्सा शेवटी म्हणते की बरोबर काय तेच मला आता कळत नाही, आपल्या दोघांचाही विचार तूच कर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हे वाक्य तसंच निघून गेलं होतं. दुसऱ्यांदा खटकलं, आणि मग खटकतच राहिलं. तिथून पुढे मी इल्साकडे पाहायचं सोडून बोगार्टचा चेहरा वाचू लागतो, अगदी विमानतळावरसुद्धा. जिच्यासाठी सगळं चाललंय, तिच्या आयुष्याचा निर्णय दुसराच कुणी घेतो.

यात बर्गमनचा दोष नाही. चित्रीकरण सुरू होतं तरी शेवट ठरला नव्हता. इल्साचं खरं प्रेम कुणावर, रिकवर की नवऱ्यावर, असं विचारल्यावर दोन्हींच्या मधलं काहीतरी दाखव असं उत्तर मिळालं, हे तिनंच पुढे सांगितलं आहे. अनेकांना तेच धूसरपण आवडतं आणि त्यांचं म्हणणं मी समजू शकतो.

मायरा मात्र स्वतः ठरवते. आघाडीवर निघालेल्या प्रियकराला, रॉयला, निरोप द्यायला स्टेशन गाठते, त्यापायी बॅलेतलं काम गमावते. पुढचे निर्णय याहून भयंकर आहेत, पण तेही तिचेच. चहाच्या टेबलावरचा प्रसंग पाहा. वर्तमानपत्रात मृतांच्या यादीत रॉयचं नाव तिनं नुकतंच वाचलंय, समोर येऊन बसलीये रॉयची आई, आणि तिला यातलं काहीच माहीत नाही. मायरा तुटक, असंबद्ध बोलत राहते. त्या बाईंना ती उद्धट वाटते. ली इथे रडत नाही, आणि म्हणूनच तो प्रसंग मला सोसत नाही.

या चित्रपटात योगायोग जास्त आहेत, आणि रॉय झालेला रॉबर्ट टेलर बोगार्टच्या पासंगालाही पुरत नाही. त्या काळच्या हॉलीवूडच्या आचारसंहितेमुळे मायरावर कोणती वेळ आली हे कुणी उघड बोलतही नाही. पण स्टेशनवर सैनिकांच्या गर्दीत शिरताना ली एक सरावाचं हसू चेहऱ्यावर आणते. तेवढ्यात सगळं कळतं.

कारकिर्दीचा विचार केला तरी माझं मन इकडेच झुकतं. बर्गमनला तीन ऑस्कर मिळाली, १९४४ च्या 'गॅसलाइट'पासून १९७८ च्या स्वीडिश 'ऑटम सोनाटा'पर्यंत पाहण्यासारखं पुष्कळ आहे. ती तुम्हाला नंतरही भेटत राहील. लीचे चित्रपट मोजकेच. तिची दोन्ही ऑस्कर अमेरिकेच्या दक्षिणेतल्या स्त्रियांच्या भूमिकांसाठी आहेत, आणि त्या दोघींच्या झगमगाटात मायरा मागे राहून जाते.

शिवाय 'कॅसाब्लांका'चे चटपटीत संवाद निसटले तर बरंच निसटतं, उपशीर्षकांवर डोळा ठेवावाच लागतो. 'वॉटर्लू ब्रिज'मध्ये 'ऑल्ड लँग साईन' या निरोपाच्या जुन्या गाण्याच्या सुरांवर मायरा आणि रॉय नाचतात आणि वादक एकेक करून मेणबत्त्या विझवत जातात. तिथे एकही शब्द नाही.