निर्वासितांना आधार: गटात की एकेकट्याला?

मानसिक आजार जडण्याआधीच निर्वासितांना सावरायचं, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या दोन पद्धती आहेत. ‘सेल्फ-हेल्प प्लस’मध्ये तीसेक जण एकत्र बसून ध्वनिमुद्रित सत्रं ऐकतात, पाच सत्रं, सोबत चित्रांचं पुस्तक. तुर्कस्तानातल्या सीरियन निर्वासितांमध्ये सहा महिन्यांनी मानसिक विकार आढळले सुमारे २२ टक्क्यांना, आणि हे सत्र न मिळालेल्यांत ४१ टक्क्यांना. केवढा फरक! पश्चिम युरोपात मात्र तो सहा महिने टिकला नाही.

वैयक्तिक ‘प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस’मध्ये प्रशिक्षित कार्यकर्ता एकेकाशी दीड-दीड तास, पाचदा बोलतो. त्रास वाढलेल्यांसाठी मला हीच पद्धत योग्य वाटते. पण गजबजलेल्या छावणीत इतके कार्यकर्ते आणायचे कुठून? म्हणून सुरुवात गटाने करावी आणि तरीही ज्यांची झोप उडालेली राहते, त्यांना हा वेळ द्यावा.