अमेरिकेत सर्जरी मिळवून देणारं 'पॅकेज' मी विकत घेतलं

अमेरिकेत जनरल सर्जरीची रेसिडेन्सी, म्हणजे तिथलं सर्जन होण्याचं प्रशिक्षण, मिळावी म्हणून मी एका कन्सल्टन्सीला ४ लाख २० हजार रुपये दिले. त्यातले बरेचसे बाबांच्या पीएफचे होते. हे लिहिताना लाज वाटते, पण ज्युनियर मुली अजून मला त्याच ऑफिसबद्दल विचारतात, म्हणून लिहिते.

त्यांचं बोलणं पटलं, कारण ते अर्धं खरं होतं. जानेवारी २०२२ पासून स्टेप १ चे, म्हणजे अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या लायसन्स परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे, मार्क कळत नाहीत, फक्त पास की नापास एवढंच कळतं. "मग आता प्रोग्रॅमवाले बघणार काय, डॉक्टर? पेपर आणि लेटर!" पॅकेजमध्ये तीन पेपर, म्हणजे माझ्या नावाने छापलेले शोधनिबंध, चार आठवड्यांची 'हँड्स-ऑन' सर्जरी रोटेशन, म्हणजे तिथे जाऊन प्रत्यक्ष हाताने काम करणं, आणि शिफारसपत्रं होती. भिंतीवर सर्जरीत मॅच झालेल्या, म्हणजे रेसिडेन्सीची जागा मिळालेल्या, मुलांचे फोटो होते. त्यातले किती कॅटेगॉरिकल, म्हणजे पूर्ण पाच वर्षांच्या जागेवर, आणि किती एका वर्षाच्या प्रिलिमिनरी जागेवर, हे विचारायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. पुढे त्यातल्या दोघांशी बोलणं झालं. दोघंही प्रिलिमिनरीवर होते आणि वर्ष संपत आलं तसे पुढची जागा शोधत होते.

पेपर सहा आठवड्यांत आले. एक केस रिपोर्ट होता, प्लीहेला पीळ पडलेल्या बाईचा. त्या हॉस्पिटलची पायरीसुद्धा मी चढलेली नव्हते. "पेशंट बघितला नाही, मग माझं नाव कसं?" असं विचारलं, तर "सगळे असंच करतात" म्हणाले. मी गप्प बसले. ही चूक माझी.

रोटेशन निघाली न्यू जर्सीतल्या एका फॅमिली डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये. ऑपरेशन थिएटर नव्हतंच. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून बघायचं, पेशंटला हात लावायचा नाही. एमबीबीएस झाल्यावर बहुतेक ठिकाणी फक्त ऑब्झर्व्हरशिप मिळते, हाताने काम करायला मिळणारी इलेक्टिव्ह शिकत असतानाच करायची असते. कन्सल्टन्सीला हे माहीत नसेल, असं मला वाटत नाही. शिफारसपत्राचा मजकूरही त्यांनीच पाठवला. त्यात माझ्या टाके घालण्याच्या कौशल्याचं कौतुक होतं. सही करणाऱ्या डॉक्टरांनी माझ्या हातात सुई कधी पाहिलीच नव्हती.

ऑगस्टमध्ये आमच्या कॉलेजच्या एक सीनियर मॅम, ज्या तिथे सर्जरी करतायत, त्यांना सीव्ही दाखवला. त्यांनी शांतपणे विचारलं, "या केसमध्ये पीळ सोडवून प्लीहा का नाही वाचवली? का काढली?" मला काहीच सांगता आलं नाही. इंटरव्ह्यूला सीव्हीतली कुठलीही ओळ काढून असंच विचारतात, म्हणाल्या. खोटी माहिती पकडली गेली तर ईसीएफएमजी, म्हणजे बाहेर शिकलेल्या डॉक्टरांना तिथे प्रमाणपत्र देणारी संस्था, हिच्या रेकॉर्डवर कायमची नोंद होऊ शकते. मग त्यांनी माझे पेपर छापणारं जर्नल पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीत, शोधलं. सापडलं नाही.

त्या रात्री दोन तास त्या बोलत होत्या. स्टेप २ सीके या पुढच्या टप्प्याचे मार्क अजून आकड्यांत येतात, ते चांगले हवेतच. पत्रं सर्जनची हवीत, ज्यांनी तुम्हाला काम करताना पाहिलंय अशांची, आणि ती त्यांनी स्वतः अपलोड करायची असतात. बाहेरच्या मुलांपैकी बरेच जण आधी एखाद्या सर्जरी विभागात एक-दोन वर्षं रिसर्च करतात. तिथे पेपर होतात ते होतातच, पण मुख्य म्हणजे तिथला सर्जन दुसऱ्या प्रोग्रॅमच्या सर्जनला फोन उचलून सांगतो, की ही मुलगी रात्री अकरालाही डेटा भरत बसलेली असते. असा फोन कुठलं ऑफिस करणार?

मी तिन्ही पेपर आणि ते पत्र काढून टाकलं. त्या सप्टेंबरमध्ये अर्जच केला नाही.

ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. करारात फक्त 'गायडन्स फी' लिहिलंय. पेपर, रोटेशन, पत्रं यांचा एक शब्द नाही. वकिलांना उपयोग झाला तो व्हॉट्सॲपवरच्या बोलण्याचा आणि यूपीआयच्या पावत्यांचा. तुमचे पैसे अशा कुणाकडे अडकले असतील, तर चॅट डिलीट करू नका आणि फोन बदलण्याआधी त्याचा बॅकअप घ्या.