एक लाख खुर्च्या, पण उतार किती? मँचेस्टर युनायटेडच्या नव्या स्टेडियमचा आराखडा

फ्लॅट बघायला गेलेला नाशिककर ब्रोशरवरचं स्विमिंग पूलचं चित्र बाजूला ठेवतो आणि आधी कार्पेट एरिया विचारतो. स्टेडियमचा आराखडाही तसाच वाचायला हवा. मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबने 11 मार्च 2025 रोजी नव्या मैदानाची चित्रं दाखवली. एक लाख प्रेक्षक, सुमारे 2 अब्ज पौंड खर्च, नॉर्मन फॉस्टर यांच्या कंपनीची रचना, वर छत्रीसारखं प्रचंड छप्पर आणि ते पेलणारे तीन उंच खांब. त्यातला सर्वात उंच 200 मीटरचा.

नाशिकमध्ये युनायटेडचे पाठीराखे कमी नाहीत. मँचेस्टरला रात्री आठची मॅच म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे मध्यरात्रीचा दीड, तरी ती लाइव्ह बघणारे कॉलेज रोडपासून देवळालीपर्यंत सापडतील. त्यांच्यात सगळा वाद छपरावरून चाललाय. कुणाला ते सर्कशीचा तंबू वाटतं, कुणाला क्लबच्या बिल्ल्यावरच्या सैतानाचा त्रिशूळ. आमच्या मते छप्पर ही या आराखड्यातली सर्वात कमी महत्त्वाची गोष्ट आहे.

नवं मैदान लागणार, याबद्दल मात्र शंका नको. मे 2024 मध्ये आर्सेनलविरुद्धच्या मॅचनंतर ओल्ड ट्रॅफर्डच्या, म्हणजे क्लबच्या सध्याच्या मैदानाच्या, छतावरून धबधब्यासारखं पाणी कोसळत होतं, ते सगळ्यांनी पाहिलं. दक्षिणेच्या बाजूला, म्हणजे सर बॉबी चार्लटन स्टँडच्या पाठीमागे, रेल्वेमार्ग आहे. त्यामुळे तो स्टँड बाकी तिन्हींपेक्षा बुटका राहिला आणि तिथे मजला चढवणं फार महाग आणि किचकट होतं. नवं मैदान जुन्याच्या शेजारी उभं राहणार असल्याने बांधकाम चालू असताना मॅचेस जुन्यात खेळता येतील. लंडनमध्ये टॉटनहॅम क्लबला पूर्ण एक हंगाम आणि दुसऱ्याचा बराचसा भाग वेम्बलीच्या मैदानावर काढावा लागला होता, ते इथे टळेल. हा निर्णय बरोबर आहे.

आता स्टँडचा उतार. प्रत्येक ओळीतल्या माणसाला पुढच्याच्या डोक्यावरून किती मोकळी जागा मिळते, ते मिलिमीटरमध्ये मोजतात आणि त्याला सी-व्हॅल्यू म्हणतात. 60 म्हणजे चालवून घ्या, 90 म्हणजे चांगलं, 120 म्हणजे उत्तम. गणित अवघड नाही. पायरीची उंची आणि डोळ्याची मैदानापासूनची उंची यांची बेरीज करा, तिला टचलाइनपर्यंतच्या (मैदानाच्या लांब कडेच्या रेषेपर्यंतच्या) आडव्या अंतराने गुणा, मग त्याच अंतरात ओळीची खोली मिळवून आलेल्या आकड्याने भागा आणि शेवटी डोळ्याची उंची वजा करा. समजा टचलाइन 40 मीटरवर आहे, डोळा 20 मीटर उंचीवर आणि ओळ 80 सेंटीमीटर खोल. पायरी 50 सेंटीमीटरची ठेवली तर 98 मिलिमीटर मिळतात. पायरी 45 ची केली की उरतात 49. पाच सेंटीमीटर वाचवले आणि निम्मं दृश्य गेलं! समोरचा उंच माणूस जरा ताठ बसला की कॉर्नर किक कुणी मारली तेही कळणार नाही.

मग पायरी वाढवतच का नाही नेत? कारण इंग्लंडमध्ये स्टँडचा उतार साधारण 35 अंशांच्या आत ठेवतात. त्याहून चढा झाला की जिना उतरताना तोल जातो. म्हणजे एक लाख माणसं बसवायची तर मागे सरकणं आलं, आणि मागे सरकलं की खेळाडू मुंगीएवढे दिसतात. शेवटच्या खुर्चीपासून मैदानाचा सर्वात लांबचा कोपरा 190 मीटरच्या आत असावा, असा दंडक आहे. क्लबने खरं तर हेच आकडे छापायला हवेत: वरच्या मजल्याची सी-व्हॅल्यू आणि शेवटच्या ओळीचं अंतर.

आवाजाचं गणितही इथेच बसतं. टॉटनहॅमने गोलच्या मागे 17,500 लोकांचा एकसंध स्टँड बांधला. एव्हर्टनने 2025 मध्ये उघडलेल्या मैदानातही गोलमागे तसाच एक मोठा स्टँड ठेवला. मधे बड्या पाहुण्यांच्या काचेच्या बॉक्सची रांग नसली की घोषणा खालपासून वरपर्यंत एका लाटेत जाते. वेस्ट हॅम 2016 मध्ये ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या मैदानात गेला. तिथे ॲथलेटिक्सच्या ट्रॅकमुळे प्रेक्षक खेळापासून लांब पडले, आणि ती तक्रार आजही संपलेली नाही. स्ट्रेटफर्ड एंड, म्हणजे ओल्ड ट्रॅफर्डचा गोलमागचा स्टँड, नव्या जागी एकसंध बांधणार का आणि तिथे रेलिंगसह उभं राहण्याची सोय किती, हे पाठीराख्यांनी लावून धरायला हवं. 2022 पासून इंग्लंडमध्ये परवाना घेऊन अशी सोय करता येते.

तिकीट हा सर्वात दुखरा भाग. 2024-25 च्या हंगामात अर्ध्यातच क्लबने सदस्यांसाठी उरलेली तिकिटं सरसकट 66 पौंडांना केली. लहान मुलं आणि ज्येष्ठांची सवलतही काढली. 2005 मध्ये ग्लेझर कुटुंबाने क्लब विकत घेतल्यापासून डोक्यावर असलेल्या कर्जात 2 अब्जांची भर पडली तर ती कुठून तरी वसूल होणारच, आणि सगळ्यात सोपी जागा म्हणजे महागड्या हॉस्पिटॅलिटीच्या, म्हणजे जेवण-पाहुणचारासह विकल्या जाणाऱ्या, खुर्च्या. एक लाखातल्या किती खुर्च्या साध्या दरात राहतील, हा आकडा लेखी मिळेपर्यंत या बाबतीत आमच्याकडून एकही गुण नाही.

गर्दी म्हणजे काय, हे नाशिकला वेगळं सांगायला नको. 27 ऑगस्ट 2003 ला सिंहस्थाच्या शाहीस्नानाच्या दिवशी रामकुंडाकडच्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली. तेव्हापासून इथे प्रत्येक नियोजनात येणारी आणि जाणारी वाट वेगळी ठेवण्यावर भर असतो. ब्रिटनच्या मैदानांच्या मार्गदर्शिकेत हिशेब असा: सपाट वाटेच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला 82 माणसं, जिन्यावरून 66. आठ मिनिटांत मैदान रिकामं करायचं तर एक लाख लोकांसाठी जिन्यांची एकूण रुंदी 189 मीटरच्या आसपास हवी. ते आत जमेल. अडचण बाहेर आहे. मँचेस्टरची दोन डब्यांची जोड-ट्राम सुमारे 400 प्रवासी नेते. 30,000 लोकांनी एका तासात ट्राम धरायची म्हटली तर 75 गाड्या लागतील, म्हणजे दर 48 सेकंदांना एक. तेवढं होणार नाही. म्हणून शेजारच्या रेल्वे मालधक्क्याचं स्थलांतर आणि रेल्वे स्टेशनची वाढ या गोष्टी स्टेडियमइतक्याच महत्त्वाच्या आहेत. मालधक्का हलला नाही तर चित्रातली जागाच मोकळी होत नाही.

गवताबद्दल थोडक्यात. द्राक्षबागेवर प्लास्टिक टाकलं की अवकाळीपासून घड वाचतात, पण आतलं ऊन आणि वारा कमी होऊन भुरी वाढते. छपराखालच्या मैदानाचंही असंच होतं. मिलानच्या सान सिरोवर 1990 च्या वर्ल्ड कपसाठी तिसरा मजला आणि छत चढवलं, नंतर तिथलं गवत वर्षानुवर्षं सडत राहिलं. आता दिवे लावून गवत वाढवतात, तरी खालच्या कोपऱ्यांत हवा खेळती ठेवण्याची तरतूद आराखड्यात दिसायला हवी.

बांधकाम पाच वर्षांत होईल, असं फॉस्टर म्हणतात. 160 मोठे भाग कारखान्यात बनवून 1894 च्या मँचेस्टर शिप कॅनॉलमधून आणायचे आणि जागेवर जोडायचे. कल्पना छान आहे, पण अशा जोडणीत एक भाग अडला की मागची सगळी रांग थांबते. आणि सांगाडा वेळेत उभा राहिला तरी उशीर आतल्या कामांत होतो. टॉटनहॅमचं मैदान सप्टेंबर 2018 ऐवजी एप्रिल 2019 ला उघडलं, कारण सुरक्षायंत्रणांच्या चाचणीत दोष सापडले.

कुणाला प्रत्यक्ष जाऊन बघायचं असेल तर जुनं मैदान उभं आहे तोवरच जा. मॅचचं तिकीट परवडत नसेल तर म्युझियम आणि स्टेडियम टूर घ्या. मॅचच्या दिवशी टूर नसते, त्यामुळे तारीख आधी तपासा. दक्षिण स्टँडखालचा मधला बोगदा, जिथून पूर्वी खेळाडू मैदानात येत, तो नक्की बघा. 1941 च्या बॉम्बहल्ल्यानंतर 1910 च्या मूळ मैदानातलं जे थोडं उरलं त्यातला तो आहे. बाहेर म्युनिकच्या विमान अपघातात गेलेल्यांच्या स्मरणार्थ लावलेलं घड्याळ आहे, त्यावर 6 फेब्रुवारी 1958 ही अपघाताची तारीख. घड्याळ उचलून दुसरीकडे लावता येतं, बोगदा नाही. तो जागेवर कसा जपणार, हे क्लबने पाडकामाचा पहिला घाव घालण्याआधी सांगायला हवं.