सेंट्रल पार्कजवळ सायकलरिक्षात बसण्याआधी हे वाचा

भारतातून आलेल्या आई-वडिलांना न्यूयॉर्क दाखवायला नेणाऱ्यांनो, ५९व्या रस्त्यावर जरा सांभाळून. कोलंबस सर्कलपासून पाचव्या अव्हेन्यूपर्यंत पार्कच्या दक्षिण कडेने जातो तो, सेंट्रल पार्क साऊथ. सायकलरिक्षा तिथेच ओळीने उभ्या असतात. त्यातल्या एका सायकलरिक्षावाल्याने मला ४६७ डॉलर ६ सेंटचा चुना लावला.

‘एवढी वर्षं न्यू जर्सीत राहून कळलं नाही?’ हे ऐकून ऐकून कान किटलेत. आईचे गुडघे दुखतात, पार्क ८४३ एकरांचा, आत मोटारींना बंदी. तिला बेथेस्डाचं कारंजं बघायचं होतं आणि ते ७२व्या रस्त्याच्या पातळीवर. चालवत नेणार होतो का तिला?

मी भाव विचारला होता, न विचारता बसलो नाही. सहाव्या अव्हेन्यूच्या तोंडाशी, त्या घोडेस्वारांच्या पुतळ्यांसमोर, तिघांचे कारंज्यापर्यंत जाऊन-येऊन किती, असं स्पष्ट विचारलं. ‘फाइव्ह, माय फ्रेंड, फाइव्ह ईच.’ पुढे काहीतरी पुटपुटला, ते बसच्या आवाजात गेलं. माणशी पाच म्हणजे पंधरा, वर दहा बक्षिसी द्यायची, असा माझा हिशोब.

आणि मग ते ब्लँकेट. लाल, चौकड्यांचं. ‘मम्मा, कोल्ड’ म्हणत त्याने आईच्या मांडीवर पसरलं आणि त्याचं एक टोक सीटच्या कडेच्या पाटीवर नीट चापून बसवलं. त्याच हाताने हँडलजवळचा टायमर दाबला. मी बघितलं! टायमर दाबताना बघितलं, आणि तेवढ्यात आई म्हणाली, ‘किती गुणी मुलगा आहे रे.’ बाबा फोटो काढत होते. त्या क्षणी ते टोक उचललं असतं तर खाली दिसलं असतं: मिनिटाला ४.९९.

परत आल्यावर टायमरवर २६ मिनिटं. ४.९९ गुणिले २६, झाले १२९.७४. ते गुणिले तीन, कारण ‘ईच’. ३८९.२२! मी वाद घातला तसे त्याचे दोन मित्र येऊन उभे राहिले, आई घाबरली, ‘देऊन टाक आणि चल’ म्हणाली. कार्ड टेकवलं. यंत्रावर वीस टक्के टिप आधीच निवडलेली होती, ७७.८४. तुम्ही त्या जागी असता तर यंत्र वाचत बसला असतात?

कोपऱ्यावर पोलीस होता. त्याने पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. म्हणे हा पैशांचा वाद, आमचा विषय नाही. रिक्षा समोर उभी होती हो, दहा पावलांवर! शहराच्या तक्रारीच्या फोनवर ताटकळल्यावर बाईंनी रिक्षाचा नंबर विचारला. तो नाही तर तक्रार ‘माहितीसाठी’ नोंदवतो म्हणाल्या. कोणाच्या माहितीसाठी? त्यांचेच नियम आहेत की भाडं फक्त मिनिटावर घ्यायचं, दराची पाटी आणि टायमर प्रवाशाला दिसले पाहिजेत. नियम करायचे, छापायचे, आणि भर रस्त्यात ते मोडणाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं. परवाना देताना फी घेतात ती कशाची?

तेव्हा बसण्याआधी पाटीचा आणि रिक्षाच्या मागच्या नंबरप्लेटचा फोटो काढा, त्याच्यासमोर. ‘ईच’ शब्द आला की उतरा. ‘तिघांचे मिळून, सगळं धरून, किती?’ याला आकडा मिळाला नाही तर चालू लागा, आईला बाकावर बसवा, पण चालू लागा. टिपचा आकडा स्वतः टाका. आणि कोणी मांडीवर काही पांघरलं तर खाली काय झाकलं ते बघा.

बँकेने कळवलं, कार्ड तुम्हीच टेकवलंत, सबब व्यवहार तुम्हाला मान्य होता. टिपचे ७७.८४ तरी परत करा, असं मी पुन्हा लिहिलंय. त्यावर अजून ‘तुमची विनंती मिळाली’ एवढंच आलंय.