परदेशातली बिअर आणि वाईन: कोणत्या काउंटरवर किती पडते

मुंबईत वाईन शॉपच्या काउंटरवर भाव विचारावा लागत नाही. बाटलीवर एमआरपी छापलेली असते, आणि परमिट रूममध्ये बसलं की तीच बाटली कितीला पडेल याचाही साधारण अंदाज असतो. मुंबईहून थेट विमानं जातात त्यांतल्या बहुतेक देशांत एमआरपी हा प्रकारच नाही. एकाच रस्त्यावर तीच बिअर सुपरमार्केटमध्ये एका भावाने, कोपऱ्यावरच्या दुकानात दुसऱ्या भावाने आणि हॉटेलच्या गच्चीवर चौपटीने विकली जाते, आणि तिन्ही भाव कायदेशीर असतात. ‘सिंगापूर महाग, थायलंड स्वस्त’ एवढ्यावर बजेट आखलं की ते हमखास चुकतं. म्हणून या आढाव्यात देशापेक्षा जास्त लक्ष विक्रीच्या जागेकडे दिलं आहे.

आधी मापाचं बघू, कारण पहिली फसगत तिथेच होते. आपल्या डोक्यात 650 मिलीची बाटली बसलेली असते. लंडनचा पाइंट 568 मिलीचा. पॅरिसमध्ये ‘दमी’ मागितली तर नाव ‘अर्धा’ असूनही हातात 250 मिलीच येते, कारण तो अर्धा भाग जुन्या पाइंटचा आहे, लिटरचा नाही. स्पेनमधली ‘कान्या’ साधारण 200 मिलीची असते, ‘तेर्सिओ’ म्हणजे 330 मिलीची बाटली. मेन्यूवर साडेतीन युरो वाचून स्वस्त वाटलेली बिअर अर्ध्या लिटरच्या हिशेबाने सात युरोंना पडते. म्हणून प्रत्येक भाव आधी अर्ध्या लिटरवर आणायचा आणि मगच तुलना करायची. वाईनचं तसंच. ब्रिटनमध्ये ग्लास 125, 175 आणि 250 मिली अशा मापांत मिळतो, आणि नुसतं ‘अ ग्लास ऑफ वाईन’ म्हटलं तर बहुधा मधला किंवा मोठा भरला जातो. 125 मिलीचं माप ठेवणं पबला बंधनकारक आहे, तेव्हा ते नाव घेऊन मागावं. 250 मिलीचे तीन ग्लास म्हणजे अख्खी बाटली. दोघांना तेवढी प्यायची असेल तर सरळ बाटलीच मागवलेली परवडते.

सिंगापूर महाग का, हे तिथल्या कराच्या गणितातून नीट कळतं. कर बाटलीच्या किमतीवर नसून तिच्यातल्या शुद्ध अल्कोहोलवर आहे. वाईनवर शुद्ध अल्कोहोलच्या लिटरमागे 88 सिंगापूर डॉलर, आयात बिअरवर सीमाशुल्क धरून 76. म्हणजे 13 टक्क्यांच्या 750 मिली वाईनवर 8.58 डॉलर कर, मग ती वाईन पाच डॉलरची असो की पन्नासची. 330 मिलीच्या 5 टक्के बिअरवर साधारण सव्वा डॉलर. वर 9 टक्के जीएसटी. यातून दोन गोष्टी निघतात. एक, तिथे अगदी स्वस्तातली वाईन घेण्यात अर्थ नाही, कारण तुमचे निम्म्याहून जास्त पैसे करातच जातात. दोन, ड्यूटी फ्रीची सवलत वाईनसाठी वापरावी, बिअरसाठी नाही. 12 टक्क्यांच्या लिटरभर वाईनवर साडेदहा डॉलर वाचतात, लिटरभर बिअरवर चारसुद्धा नाहीत.

ही सवलत मुंबईहून येणाऱ्याला मिळते. वय 18 पूर्ण हवं, पोचण्याआधीचे किमान 48 तास सिंगापूरबाहेर गेलेले हवेत आणि प्रवास मलेशियातून झालेला नसावा. एकूण मर्यादा 2 लिटर: दोन लिटर वाईन, दोन लिटर बिअर, किंवा एकेक लिटरच्या ठरावीक जोड्या. चांगी विमानतळावर उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याजवळही ड्यूटी फ्री दुकान आहे, त्यामुळे मुंबईपासून बाटल्या वाहून नेण्याची गरज नाही.

शहरात गेल्यावर फेअरप्राइससारखं सुपरमार्केट सगळ्यात बरं. हॉकर सेंटरमधली मोठी बाटली त्याखालोखाल: ती 633 मिलीची असते, चौघांत वाटता येते, आणि टेबलावर वेगळा सर्व्हिस चार्ज लागत नाही. बारमध्ये मात्र भावापुढची ‘++’ ही खूण बघा. तिचा अर्थ 10 टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्या बेरजेवर 9 टक्के जीएसटी. 15 डॉलरची बिअर 17.98 ला पडते. शिवाय रात्री 10.30 ते सकाळी 7 दुकानातून विक्री बंद असते, आणि त्याच वेळात रस्त्यावर, बागेत किंवा समुद्राकाठी पिणं हा गुन्हा आहे. आपली बरीच मंडळी लिटल इंडियात खोली घेतात. तो भाग खास नियंत्रित क्षेत्रात मोडतो आणि शनिवार-रविवारी, सुट्टीच्या दिवशी तिथले नियम आणखी कडक असतात. त्या दिवसांत बाटली थेट खोलीवर न्यावी.

थायलंडमध्ये कोपऱ्याकोपऱ्यावरचं सेव्हन-इलेव्हन हीच बिअरची खरी जागा. लिओ, चांग, सिंघा यांच्या 620 मिलीच्या आसपासच्या बाटल्या साठ-सत्तर बाटच्या घरात मिळतात, आणि फ्रिज थंडगार असतो. बँकॉकच्या गच्चीवरच्या बारमध्ये त्याच पैशांत घोटभरही मिळत नाही. तिथेही ‘++’ असतंच, 10 टक्के सर्व्हिस आणि 7 टक्के व्हॅट: 200 बाटचे 235 होतात. दुपारी 2 ते 5 या वेळेतली विक्रीबंदी 1972 पासून चालत आली होती. डिसेंबर 2025 मध्ये ती प्रयोग म्हणून सहा महिन्यांसाठी उठवली गेली, तेव्हा निघण्यापूर्वी ताजी स्थिती बघून घ्या. बंदीच्या वेळेत काउंटरवर कितीही विनवण्या केल्या तरी बिल होत नाही. बुद्धपौर्णिमेसारख्या बौद्ध सणांना दुकानांत आपल्या ड्राय डेसारखा प्रकार असतो. वयाची अट 20 आहे. 2024 च्या सुरुवातीला थायलंडने वाईनवरचं आयात शुल्क काढून टाकलं, तरीही युरोपच्या मानाने तिथली वाईन महागच पडते. थायलंडला गेल्यावर बिअरच प्यावी. वाईनचा आग्रह असेल तर ड्यूटी फ्रीची एक बाटली न्यावी, कारण नेण्याची मर्यादाच एक लिटर आहे.

व्हिएतनामच्या हनोईतली बिआ होई वेगळी सांगायला हवी. रोज ताजी बनणारी, पिंपातून ग्लासात येणारी, तीन टक्क्यांच्या आसपासची हलकी बिअर, बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसून प्यायची. ग्लास साधारण 10 ते 15 हजार डोंगांना, म्हणजे आपल्या चहा-वडापावच्या खर्चात. संध्याकाळी लवकर जावं, कारण पिंप संपलं की संपलं.

दुबईचं गणित उलटं आहे: विमानतळ सगळ्यात स्वस्त, शहर सगळ्यात महाग. उतरल्यावर माणशी 4 लिटरपर्यंत नेता येतं आणि ते तिथेच घ्यावं. शहरातल्या परवानाधारक दुकानांत (एमएमआय, आफ्रिकन अँड ईस्टर्न) पर्यटकाला पासपोर्ट दाखवून 30 दिवसांचा परवाना फुकट मिळतो, वय 21 हवं. पण 2023 मध्ये उठवलेला 30 टक्के नगरपालिका कर 1 जानेवारी 2025 पासून पुन्हा लागू झाला आहे. काउंटरवर बाटली ठेवण्याआधीच ‘फळीवरच्या भावात कर आला का?’ हे विचारून घ्या. नेहमीच्या सुपरमार्केटमध्ये ओळखीच्या ब्रँडचे कॅन दिसतात, ते सगळे बिनअल्कोहोलचे असतात. घाईत सहा कॅन उचलून खोलीवर आल्यावर हे कळतं. हॉटेलच्या मेन्यूत तळाशी बारीक अक्षरांत 10 टक्के सर्व्हिस, 7 टक्के नगरपालिका फी आणि 5 टक्के व्हॅट भावात धरलेत की वेगळे लागणार, हे लिहिलेलं असतं. हॅपी अवर सोडून तिथे बिअर मागवू नये, इतका फरक पडतो. आणि शारजामार्गे तिकीट स्वस्त मिळालं म्हणून खोलीही तिथेच घेणार असाल तर थांबा: शारजात दारूबंदी आहे.

मालदीवला जाणाऱ्यांनी सामानात एकही बाटली ठेवू नये, कस्टम्स ती काढून घेतात. तिथे दारू रिसॉर्टमध्ये मिळते, स्थानिक बेटांवर नाही. श्रीलंकेत दर पौर्णिमेला, म्हणजे पोया दिवशी, विक्री बंद असते. बुकिंगआधी कॅलेंडरमध्ये पौर्णिमा बघावी.

पैशाचं मोल कुठे मिळतं, असं विचारलं तर आमचं मत जर्मनीच्या सुपरमार्केटला. तिथे बिअरवरचा कर नेहमीच्या तीव्रतेच्या अर्ध्या लिटरला पाच सेंटही भरत नाही, आणि साध्या वाईनवर उत्पादन शुल्क शून्य आहे. फक्त फसफसणाऱ्या ‘झेक्ट’वर बाटलीमागे 1.02 युरो लागतात. तो कर 1902 मध्ये कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, आरमारासाठी बसवला आणि 1933 ते 1939 ही मधली वर्षं सोडली तर आजही लागू आहे. अर्ध्या लिटरची चांगली बिअर एक युरोच्या मागेपुढे मिळते.

फक्त डिपॉझिट, तिथल्या भाषेत ‘फांड’, समजून घ्या, कारण फळीवरच्या भावात ते धरलेलं नसतं. बिअरच्या साध्या काचेच्या बाटलीवर 8 सेंट, तारेच्या झाकणाच्या बाटलीवर 15, आणि कॅनवर किंवा एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक बाटलीवर 25. वीस बाटल्यांच्या क्रेटवर बाटल्यांचे 1.60 आणि क्रेटचे 1.50 मिळून 3.10 युरो. दुकानातल्या यंत्रात बाटल्या एकेक करून टाकायच्या, शेवटी बटण दाबून चिठ्ठी घ्यायची आणि ती गल्ल्यावर द्यायची. यंत्र कॅनवरची खूण आणि बारकोड वाचतं, म्हणून कॅन चेपायचा नाही आणि लेबल सोलायचं नाही. चेपलेला कॅन यंत्र बहुधा परत ढकलतं. चिठ्ठी ज्या दुकानाची, त्याच दुकानात ती वटवावी. रविवारी सुपरमार्केट बंद असतात, म्हणून शनिवारी संध्याकाळीच घेऊन ठेवा. बर्लिनमध्ये ‘श्पेटी’ नावाची उशिरापर्यंत चालणारी दुकानं आहेत, थोडी महाग, पण थंड बिअर हाताशी.

जर्मन बिअर हॉलमध्ये ग्लासवर मापाची रेघ असते. बिअर रेघेपर्यंत आणि फेस त्याच्या वर, असं भरलेलं असायला हवं. कमी असेल तर भरून मागणं तिथे अजिबात उद्धटपणाचं नाही. म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्ट या बिअरच्या जत्रेचा हिशेब मात्र वेगळा ठेवा: 2025 मध्ये तिथला एक लिटरचा मग 14.50 ते 15.80 युरोंना होता.

इटलीत वाईनचा भाव तुम्ही उभे आहात की बसलात यावर ठरतो. काउंटरशी उभं राहून प्यायलात तर एक दर, टेबलावर बसलात की दुसरा, आणि जेवायला बसलात तर माणशी ‘कोपेर्तो’, म्हणजे टेबलाचा आकार, वेगळा. उभ्याने घेतलेला ग्लास आणि जेवताना ‘हाउस वाईन’चा पाव किंवा अर्ध्या लिटरचा चंबू, हे दोन पर्याय आम्हाला सगळ्यात प्रामाणिक वाटतात. जपानी इझाकायात, म्हणजे तिथल्या पबसारख्या खाणावळीत, न मागताच छोटी वाटी येते, तिला ‘ओतोशी’ म्हणतात. तो फुकटचा चकणा नाही, माणशी साधारण 300 ते 500 येन त्याचे लागतात आणि ती बसण्याची फीच आहे.

स्वीडनमध्ये घरी न्यायला 3.5 टक्क्यांवरची बिअर आणि वाईन जवळजवळ फक्त सिस्टेमबोलागेट या सरकारी दुकानात मिळते. रविवारी बंद, शनिवारी दुपारी लवकर बंद, वय 20. बिअर महाग आहे, पण वाईनची निवड अफाट आणि कर्मचारी मनापासून सल्ला देतात. तिथे ठरलेल्या बजेटमध्ये बाटली सुचवायला सांगणं सगळ्यात फायद्याचं. स्कॉटलंडमध्ये दुकानांना किमान दर ठरवून दिला आहे, अल्कोहोलच्या प्रत्येक युनिटला, म्हणजे 10 मिली शुद्ध अल्कोहोलला, 65 पेन्स. 13 टक्क्यांच्या वाईनची 750 मिली बाटली 6.34 पौंडांखाली मिळूच शकत नाही, मग स्वस्ताईच्या शोधात चार दुकानं फिरू नयेत.

कार्ड वापरताना यंत्रावर ‘रुपयांत की स्थानिक चलनात’ असा प्रश्न आला तर दर वेळी स्थानिक चलन निवडा. रुपयांचा पर्याय सोयीचा दिसतो, पण त्यात दुकानाच्या बँकेचा चढा दर लागतो.

परतीचं गणित 2 लिटरवर येतं. माणशी तेवढीच मर्यादा, आणि त्यात बिअर, वाईन, बाकीचं मद्य सगळं मोजलं जातं. मुंबई विमानतळावर उतरल्यावर ड्यूटी फ्रीमध्ये घेतलेली बाटलीही त्यातच. वर झालं तर वाईनवर साधारण दीडशे टक्के आणि बिअरवर शंभर टक्के सीमाशुल्क, म्हणजे तिसरी बाटली कधीच परवडत नाही. मधल्या विमानतळावर विमान बदलायचं असेल तर ड्यूटी फ्रीची सीलबंद पिशवी मुंबईपर्यंत फोडू नका आणि पावती आतच राहू द्या. पिशवी उघडलेली दिसली की तिथल्या सुरक्षा तपासणीत बाटली जाते. बॅगेत भरायची असेल तर आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, मग बॅगेच्या मधोमध, चारही बाजूंनी कपड्यांचा जाड थर ठेवून. बाटल्या फुटतात त्या एकमेकींवर आदळून, म्हणून दोघींच्या मध्ये जीन्ससारखं काही असावं. भरलेली बाटली सव्वा ते दीड किलो भरते, ते वजन आधी धरा.

ही जागा बिअरवर घालवू नये. परदेशी वाईनवर आपल्याकडे बिअरपेक्षा जास्त कर चढतो, त्यामुळे त्याच दोन लिटरांत वाईनचा फायदा मोठा. दोन बाटल्यांचे दीड लिटर होतात, उरलेल्या अर्ध्या लिटरमध्ये जर्मन बिअरचा एक कॅन बरोब्बर बसतो. त्यावरचे 25 सेंट मात्र मुंबईत कुणी परत देत नाही.